शरद ऋतूतील भाजीपेरणी

पावसाळा ओसरू लागला, आभाळ निवळले आणि भाद्रपदाचे ऊन अंगाला लागू लागले, की आपल्याकडे भाजीपाल्याच्या पेरणीचे दिवस येतात. परसातील तण उपटले जाते, कुदळ व खुरपे बाहेर निघतात आणि घराच्या फळीवर जपून ठेवलेल्या बियांच्या पुरचुंड्या उतरविल्या जातात. मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, गाजर, वाटाणा, कोबी, फुलकोबी, कांदा, लसूण, टोमॅटो, वांगी अशा कितीतरी भाज्यांचा आरंभ या शरद ऋतूत होतो. आश्विन व कार्तिक हे या ऋतूचे महिने होत.

आता एक प्रश्न विचारू या. आश्विनातील एका ठरावीक दिवशी सगळ्यांनी एकच बी पेरले, तर ते सगळीकडे सारखेच उगवेल काय? उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील मुरुम गावी, कोकणातील अलिबागेस, नाशिकच्या मळ्यात आणि हिमालयापलीकडील लेह येथे त्या एका दिवशी मेथीची मूठ टाकली, तर काय होईल? मुरुमास ती चार-सहा दिवसांत उगवेल. अलिबागेस त्या शेतात अजून भात उभे असेल. लेहमध्ये तर रात्री पाणी गोठू लागलेले असेल आणि बी मातीत तसेच पडून राहील. दिनदर्शिकेवरील तारीख सर्वत्र एक असते; परंतु बी तारीख वाचत नाही. ते काय पाहते, हे आपण समजून घेऊ.

बीजाच्या तीन गरजा आहेत. पहिली गरज ओलीची. बी पाणी शोषून फुगते, तेव्हाच त्यातील निजलेला अंकुर जागा होतो. दुसरी गरज उबेची. माती फार थंड असेल, तर अंकुर वाढत नाही. फार तापलेली असेल, तरीही तो कोमेजतो किंवा उगवतच नाही. मेथी, कोथिंबीर, मुळा, कोबी यांच्या बियांना साधारणपणे २० ते २५ अंश सेल्सिअस इतकी ऊब मानवते. तिसरी गरज उगवल्यानंतरची आहे. ती म्हणजे प्रकाशाची, आणि काही पिकांच्या बाबतीत दिवस व रात्र यांच्या लांबीची. या तीन गोष्टी ज्या दिवशी जुळून येतात, तो त्या गावाचा पेरणीचा दिवस होय.

प्रथम मुरुमचेच उदाहरण घेऊ. मुरुम हे उमरगा तालुक्यातील गाव कर्नाटकाच्या सीमेजवळ, दख्खनच्या पठारावर वसलेले आहे. येथील बाजारात मराठीबरोबर कानडीही कानी पडते. या भागात वर्षाकाठी साधारण सात-आठशे मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तोही दरवर्षी वेळेवर येईलच, असे नाही. येथील काळी माती लाव्हारसापासून बनलेल्या खडकाची झीज होऊन तयार झालेली आहे. तिच्या खाली खडकाचा जो अर्धवट झिजलेला, भुसभुशीत, तांबूस थर असतो, त्यालाही आपण मुरूमच म्हणतो. मुरुमाच्या वर काळी माती किती जाड आहे, यावर शेताची ओल अवलंबून असते. माती अर्धा मीटर खोल असेल, तर पिकाच्या उपयोगी पडेल असे सुमारे ८० ते १०० मिलिमीटर पावसाचे पाणी ती पोटात साठवून ठेवते. माती वीतभरच असेल, तर पाणी लवकर मुरुमात उतरून जाते.

काळी माती मोठी हट्टी आहे. ती भिजली म्हणजे फुगते व पायांना चिकटते. वाळली म्हणजे आकसते आणि तिला भेगा पडतात. चिकट असताना कुदळ चालविली, तर ढेकळे बनतात व तीच पुढे दगडासारखी कठीण होतात. वाळल्यावर खणू गेल्यास कुदळच उसळते. या दोहोंच्या मध्ये काही थोडे दिवस असे येतात, की माती ओलसर असते, पण चिकटत नाही. या स्थितीला शेतकरी ‘वाफसा’ म्हणतात. वाफसा ओळखण्याची एक सोपी रीत आहे. चार बोटे खोलीवरची माती मुठीत घेऊन दाबावी व तिचा गोळा कमरेच्या उंचीवरून खाली सोडावा. गोळा बनलाच नाही, तर माती कोरडी आहे. गोळा पडून तसाच चपटा राहिला, तर माती फार ओली आहे. गोळा पडताच सुटा होऊन विखुरला, तर वाफसा आला असे समजावे.

मुरुमच्या बाजूस हा वाफसा बहुधा हस्त नक्षत्राच्या पावसानंतर येतो. सूर्य हस्त नक्षत्रात सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात प्रवेश करतो. हादगा किंवा भोंडला खेळताना मुली पाटावर हत्ती काढतात, तो याच नक्षत्राची आठवण देणारा. त्यापुढे चित्रा व स्वाती ही नक्षत्रे येतात आणि ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत नैर्ऋत्य मोसमी पाऊस महाराष्ट्रातून बहुतेक माघार घेतो. म्हणून हस्ताचा पाऊस हा रब्बीच्या शेतकऱ्याचा ठेवा असतो. शाळू, हरभरा व करडई ही पिके त्या ठेव्यावरच वाढतात. त्यांची मुळे खोल जातात व खालची ओल शोधून काढतात. मेथी-पालकाची मुळे मात्र वरच्या वीतभर मातीतच राहतात. ती वीत आठवड्याभरात सुकते. म्हणून पालेभाजीला वरून पाणी द्यावेच लागते.

याच दिवसांत घरोघरी घटस्थापना होते. तुळजाभवानीचे तुळजापूर याच जिल्ह्यात असल्यामुळे येथे नवरात्राचे महत्त्व विशेष आहे. शेतातील माती आणून ती पत्रावळीवर पसरतात, तीत ज्वारी, गहू, हुलगा, करडई अशी धान्ये पेरतात आणि मधोमध पाण्याने भरलेला मातीचा घट ठेवतात. घटाच्या अंगातून पाणी हळूहळू पाझरते व भोवतालची माती सदैव ओलसर राहते. नऊ दिवसांत धान्य वीतभर वाढते. या श्रद्धेच्या विधीत एक उत्तम प्रयोगही दडलेला आहे. जी धान्ये दाट व जोमाने उगवली, त्यांचे बी चांगले. जी विरळ उगवली, त्यांचे बी जुने किंवा किडके. घटाभोवतीचे कोंब पिवळे का असतात, याचे उत्तरही तुम्हांला सापडेल. देवघरात सूर्यप्रकाश कमी असतो. ओल व ऊब यांमुळे बी उगवते, परंतु पानांचा हिरवा रंग प्रकाशावाचून तयार होत नाही.

ओल आहे व बी चांगले आहे, म्हणून मुरुमास सगळ्या भाज्या एकदम पेरून चालत नाही. ऑक्टोबरात येथे दुपारचे तापमान ३२-३३ अंशांपर्यंत जाते. या उन्हास लोक ‘ऑक्टोबर हीट’ असेच म्हणतात. पालकाचे बी अशा तापल्या मातीत नीट उगवत नाही. म्हणून अनुभवी बागवान क्रम ठरवितात. कोबी, फुलकोबी, टोमॅटो व वांगी यांचे बी प्रथम गादीवाफ्यावर, झाडाच्या किंवा गवती मांडवाच्या सावलीत टाकतात. गादीवाफा जमिनीहून वीतभर उंच असल्यामुळे जोराचा पाऊस आला, तरी त्यात पाणी साचून रोपे कुजत नाहीत. चार-पाच आठवड्यांनी, हवा निवाल्यावर, ती रोपे सरीवर लावतात. मेथी व कोथिंबीर यांची रोपे उपटून लावीत नाहीत. त्यांचे बी जागेवरच पेरतात. धणे मात्र रगडून दोन फाकी करून घ्यावे लागतात, कारण एका धण्यात दोन बिया असतात. वाटाणा व गाजर यांना थंडी हवी. वाटाण्याची फुले उष्ण हवेत गळतात आणि गाजराला रंग व गोडी १५ ते २० अंशांच्या हवेत चांगली येते. म्हणून त्यांची पेरणी थोडी मागून, ऑक्टोबरच्या अखेरीपासून करतात.

घटस्थापनेपासून तीन चांद्रमासांनी, म्हणजे सुमारे ८८ दिवसांनी, मार्गशीर्षाची अमावास्या येते. धाराशिव, लातूर व त्यांना लागून असलेल्या सीमाभागात ही वेळ अमावास्या किंवा ‘येळवस’ म्हणून साजरी होते. त्या दिवशी सारे घर शेतावर जाते. कडब्याची कोप उभारून पूजा होते आणि भज्जी, बाजरीचे उंडे व आंबील यांचे जेवण होते. हरभरा, तूर, वाटाणा, पावटा यांचे ओले दाणे व हिरव्या भाज्या एकत्र शिजवून ही भज्जी करतात. आश्विनातील पेरणीचा हिशेब त्या एका भांड्यात पाहावयास मिळतो. मेथी महिन्याभरात, मुळा दीड महिन्यात व हरभऱ्याचे ओले घाटे अडीच-तीन महिन्यांत तयार होतात. ज्याने वाफशाचे दिवस दवडले, त्याच्या वाफ्यात त्या वेळी नुसती पाने असतात.

आता सह्याद्री उतरून कोकणात जाऊ. तेथे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. मुरुमच्या तिप्पट पाऊस पडणाऱ्या या भूमीत पेरणी आणखी लवकर होत असेल, असे तुम्हांला वाटेल; परंतु घडते उलट. आश्विनात भातखाचरे भरलेली असतात. भात कापून झाल्यावर, कार्तिकात व त्यापुढे, खाचरे रिकामी होतात. मग रायगड जिल्ह्यात त्याच खाचरांतील उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. अलिबाग तालुक्यात भातानंतर पांढऱ्या कांद्याची लागवड होते. तो कांदा चवीला सौम्य असून त्याच्या माळा विणून विकतात. कोकणातील जांभ्या मातीत पाणी फार काळ टिकत नाही आणि समुद्राच्या सान्निध्यामुळे थंडीही बेताचीच पडते. म्हणून तेथील परसात लाल माठ, मुळा, चवळी, वाल यांसारख्या उबदार हवा सोसणाऱ्या भाज्या अधिक दिसतात. फुलकोबीचा पांढराशुभ्र गड्डा भरण्यास लागणारी थंडी तेथे फार दिवस मिळत नाही.

नाशिक जिल्ह्यात शरद ऋतूत कांद्याच्या रोपवाटिका हिरव्या होतात. उन्हाळी कांद्याचे बी ऑक्टोबर-नोव्हेंबरात टाकतात, डिसेंबर-जानेवारीत रोपे लावतात व एप्रिलच्या सुमारास कांदा काढून चाळीत साठवितात. कांदा हे पीक मोठे चमत्कारिक आहे; ते दिवसाची लांबी मोजते. आरंभी ते केवळ पात वाढविते. दिवस ठरावीक लांबीचा झाला, म्हणजेच ते जमिनीतील गड्डा फुगवू लागते. आपल्याकडील जातींना ११-१२ तासांचा दिवस पुरतो. युरोपातील अनेक जातींना १४ ते १६ तासांचा दिवस लागतो. नाशिकास वर्षातील सर्वांत मोठा दिवसदेखील साडेतेरा तासांहून लहान असतो. म्हणून तसे परदेशी बी येथे लाविले, तर पात भरपूर येते, पण कांदा पोसत नाही. पाणी, खत व मेहनत यांपैकी कशाचीही उणीव नसताना केवळ रात्र-दिवसांचे प्रमाण न जुळल्यामुळे पीक वाया जाते.

महाराष्ट्राबाहेर उत्तरेस लडाखात गेल्यास शरद ऋतूचा अर्थच पालटतो. लेह समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. तेथे वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडतो. शेती होते ती वितळलेल्या बर्फाच्या पाण्यावर. मुख्य पेरणी वसंतात व उन्हाळ्याच्या आरंभी करावी लागते आणि आपल्या नवरात्राच्या सुमारास तेथे साठवणीचे दिवस असतात. बटाटे, गाजरे, सलगम ही कंदमुळे लोक जमिनीत खड्डे करून पुरून ठेवतात. वर बर्फ असले, तरी खोल मातीत तापमान फारसे उतरत नाही. त्यामुळे भाजी हिवाळाभर टिकते. अलीकडे तेथे सूर्याच्या उष्णतेवर उबदार राहणारी काचगृहेही बांधतात व ऐन हिवाळ्यात त्यांत पालक पिकवितात. जी ऊब बाहेर नाही, ती मनुष्याने भिंतींच्या आत साठविली, एवढाच याचा अर्थ.

इंग्लंडात शरद ऋतूत लसूण लावतात. महाराष्ट्रातही लसणाची लावणी ऑक्टोबर-नोव्हेंबरातच होते. महिना तोच, पीक तेच. परंतु आपला लसूण चार-साडेचार महिन्यांत, उन्हाळा तापण्यापूर्वी निघतो. इंग्लंडातील लसूण हिवाळाभर मातीत जवळजवळ निपचित पडून राहतो, वसंतात वाढीस लागतो आणि जुलैच्या सुमारास काढणीस येतो. डिसेंबरात लंडनचा दिवस जेमतेम आठ तासांचा असतो. म्हणून तेथे राहणाऱ्या मराठी कुटुंबास आपली मेथी परसात उघड्यावर पेरावयाची झाल्यास वसंताची वा उन्हाळ्याची वाट पाहावी लागते.

याहून नवल मॉरिशसचे आहे. एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर काम करण्यासाठी कोकणातून अनेक लोक त्या बेटावर गेले. त्यांचे वंशज आजही तेथे गणेशोत्सव साजरा करतात. मुरुम विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे १८ अंशांवर आहे, तर मॉरिशस दक्षिणेस सुमारे २० अंशांवर. अंतर जवळजवळ सारखे, पण बाजू विरुद्ध. त्यामुळे तेथे नोव्हेंबर ते एप्रिल हा उष्ण व पावसाचा काळ असतो, आणि मे ते ऑक्टोबर हा थंड व कोरडा. आपण आश्विनात कोबीची रोपे टाकतो, तेव्हा त्यांचा थंडीचा हंगाम संपत आलेला असतो. आपला शरद ऋतू तिकडे वैशाखाच्या सुमारास येतो, असे म्हटले तरी चालेल.

याप्रमाणे जागा बदलली, की पेरणीचा काळ बदलतो. परंतु एका जागीही प्रत्येक वर्ष सारखे नसते, हे मराठवाड्यातील मुलांना कोणी सांगावयास नको. १९७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी घरातील वडील माणसे अजून सांगतात. २०१५ च्या पावसाळ्यात पाऊस फार कमी पडला. पुढील वर्षी, २०१६ च्या एप्रिलात, शेजारच्या लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले. अशा वर्षी शरद ऋतूत किती वाफे पेरावयाचे, हा प्रश्न साऱ्या घराचा असतो. वाफा पेरला आणि पाणी मध्येच संपले, तर बी गेले, श्रम गेले आणि घातलेले पाणीही गेले.

त्यासाठी एक हिशेब येणे आवश्यक आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे बरोबर एक लिटर पाणी पडले. कोरड्या हवेत हिरवा वाफा दररोज सुमारे ४ मिलिमीटर पाणी खर्च करतो. समजा, तुमचा वाफा ३ मीटर लांब व १ मीटर रुंद आहे. त्याला रोज १२ लिटर, म्हणजे जवळजवळ एक घागर पाणी लागेल. चाळीस दिवसांच्या पालेभाजीस ४८० लिटर, तर नव्वद दिवसांच्या कोबीस १,०८० लिटर. एका कोबीच्या पाण्यात पालेभाजीची दोन पिके निघतात. हस्ताचा ५० मिलिमीटर पाऊस त्या वाफ्यावर पडून मातीत मुरला, तर तुमच्या १५० लिटर पाण्याची, म्हणजे साडेबारा घागरींची बचत होते. वाफ्यावर वाळलेल्या पानांचे किंवा उसाच्या पाचटाचे आच्छादन घातले, तर उन्हाने उडून जाणारे पाणीही वाचते. भाजी व तांदूळ धुतलेले पाणी वाफ्यास देणाऱ्या घरी दुष्काळी वर्षातही एखादा वाफा हिरवा राहू शकतो.

विहिरीत पाणी भरपूर असेल, त्या वर्षी कोबी, टोमॅटो व गाजर अवश्य लावावीत. पाणी अर्धे असेल, तर मेथी, कोथिंबीर व मुळा यांवर भागवावे. पाऊस अगदीच रुसला, तर हरभऱ्याचे कोवळे शेंडे खुडून त्यांची भाजी करावी. शेंडे खुडल्याने झाडास फांद्या अधिक फुटतात, आणि ते झाड खोल ओलीवर जगत असल्यामुळे आपल्या घागरीचे पाणी मागत नाही.

मुलांनो, या शरद ऋतूत तुम्हीही एक प्रयोग करून पाहा. शाळेच्या आवारात किंवा परसात एक लहान वाफा तयार करा आणि त्याचे तीन सारखे भाग पाडा. मुठीतील मातीने वाफसा ओळखून पहिल्या भागात मेथी पेरा. आठ दिवसांनी दुसऱ्या भागात आणि आणखी आठ दिवसांनी तिसऱ्या भागात पेरा. बी त्याच्या जाडीच्या दुपटी-तिपटीहून अधिक खोल जाऊ देऊ नका. पेरणीचा दिवस, उगवण्याचा दिवस, दुपारचे ऊन, पडलेला पाऊस व घातलेल्या घागरी यांची वहीत नोंद ठेवा. कोणत्या भागातील मेथी सर्वांत दाट उगवली व कोणत्या भागास पाणी कमी लागले, हे वहीवरून तुम्हांला कळेल. ती वही जपून ठेवा आणि पुढील वर्षी पेरणीपूर्वी उघडून पाहा. तुमच्या गावच्या मातीविषयी असे पुस्तक दुसऱ्या कोणत्याही गावी लिहिले जाणार नाही.